जखम शंभर वर्षांची, अनुदान दहा वर्षांचे

आमच्याकडची जुनी दप्तरे चाळताना दानाचे दोन प्रकार सहज नजरेत भरतात. एक प्रसंगाचे दान. लग्नकार्य, यज्ञयाग, लढाईतील विजय अशा निमित्ताने थैली सुटे आणि व्यवहार तेथेच संपे. दुसरे वर्षासन किंवा इनाम. देवळातला नंदादीप अखंड तेवावा म्हणून जमीन तोडून दिली जाई आणि तिच्या उत्पन्नातून तेल येई. देणारा गेला तरी दिवा विझू नये, हा त्यातला हेतू. आज आम्ही हकीकत सांगणार आहोत ती दूरच्या कॅनडा देशाची. परंतु तिचे मर्म या दोन दानांच्या भेदात आहे.

कॅनडातील मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून वसतिशाळांत ठेवायची आणि त्यांची भाषा, रीतिरिवाज, देवधर्म सारे विसरायला लावायचे, असे धोरण तेथील सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती घेतले. पैसा सरकारचा, कारभार ख्रिस्ती मिशनांचा. १८९२ पासून शाळांना डोईमागे अनुदान मिळू लागले. जितकी मुले तितके पैसे! पट भरलेला दिसावा म्हणून आजारी मुलेही भरती होऊ लागली. अपुरे अन्न, कोंदट खोल्या आणि त्यांत क्षयाचा फैलाव. डॉ. पीटर ब्राइस या सरकारच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ साली पश्चिमेकडील शाळांची पाहणी करून अहवाल दिला. ज्या शाळांनी माहिती पुरवली, त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मरण पावल्याचे त्यात दिसून आले. अहवाल बाजूला पडला. १९२० साली तर कायद्याने सक्तीच वाढवली. १९२२ मध्ये, सरकारी नोकरीतून मोकळे झाल्यावर, ब्राइस यांनी पुस्तिका छापून या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटले. तरीही शाळा चालूच राहिल्या. शेवटच्या काही शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. तोपर्यंत सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली होती. मारहाण आणि लैंगिक अत्याचार पुष्कळांच्या वाट्याला आले.

शाळा बंद झाल्या म्हणून जखम बंद होते काय? ज्याला लहानपणी कोणी जवळ घेतले नाही, त्याने आपल्या मुलाला जवळ कसे घ्यावे? दारू, घरातील मारझोड, आत्महत्या असा वारसा पुढच्या पिढीकडे गेला. ब्रिटिश कोलंबियातील अल्काली लेक या गावाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. सारे गाव दारूत बुडालेले. १९७२ साली फिलिस चेल्सी यांच्या लहान मुलीने, आईबाप पितात म्हणून, घरी यायला नकार दिला. त्या दिवसापासून फिलिस यांनी दारू सोडली. काही दिवसांनी पती अँडी यांनीही सोडली. अँडी गावाचे प्रमुख झाल्यावर सरकारी मदतीची रोकड हातात न देता, ती दारूत जाऊ नये म्हणून, किराण्याच्या चिठ्ठ्या देण्याची पद्धत पडली. आठवड्याच्या बैठका, जुन्या विधींचे पुनरुज्जीवन, एकमेकांना आधार असे करता करता १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गावातील बहुसंख्य लोक दारूमुक्त झाले. गावच गावाचा वैद्य झाला होता.

१९९० साली फिल फॉन्टेन या मूळ रहिवाशांच्या नेत्याने शाळेत आपल्यावर झालेल्या अत्याचारांविषयी जाहीरपणे बोलण्याचे धैर्य दाखवले आणि झाकलेले उघडे पडले. १९९६ साली शाही आयोगाचा अहवाल आला. ७ जानेवारी १९९८ रोजी मंत्री जेन स्टुअर्ट यांनी सरकारच्या वतीने खेद व्यक्त केला आणि मनाच्या जखमा भरून काढण्याच्या कार्यासाठी ३५ कोटी डॉलर जाहीर केले. त्यासाठी 'अ‍ॅबोरिजिनल हीलिंग फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. विशेष हे की कारभार मूळ रहिवाशांच्याच हाती होता. अध्यक्ष होते शाही आयोगाचे एक सहाध्यक्ष जॉर्जेस इरॅस्मस. गावोगावच्या मंडळांनी अर्ज करावेत आणि संस्थेने अनुदान द्यावे, अशी रीत होती. कोठे वडीलधाऱ्यांभोवती गोल बसून मन मोकळे करण्याच्या बैठका झाल्या, कोठे रानातील शिबिरे, तर कोठे आईबापांना मुले वाढवण्याचे शिक्षण. एके काळी डोईमागे अनुदानाने जी जखम वाढवली, तिच्यावर आता अनुदानाचीच पट्टी बांधली जात होती.

पण हे दान पहिल्या जातीचे होते. रक्कम एकदाच द्यायची आणि सुमारे दहा वर्षांत संपवायची. २००७ च्या तडजोडीने आणखी साडेबारा कोटी डॉलर मिळाले. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत क्षमा मागितली. आणि दोन वर्षेही उलटली नाहीत तोच, ३१ मार्च २०१० रोजी, गावोगावच्या बहुतेक प्रकल्पांचे अनुदान थांबले. आदल्या दिवशी संसदेत यावर तातडीची चर्चा झाली. निर्णय फिरला नाही. २०१४ साली संस्थेलाच कुलूप लागले.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. मुदत प्रथमपासून ठरलेली होती. शाळेत गेलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना सल्ला व आधार देण्याची सोय आरोग्य खात्यामार्फत चालूच राहणार होती. सार्वजनिक पैशाला मुदत आणि हिशेब हवा, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु खात्याने नेमलेल्या सल्लागाराकडे एकट्याने जाणे आणि आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, आपल्याच माणसांत बसून रडणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय अशा कामात पहिली काही वर्षे विश्वास जमवण्यातच जातात. माणूस बोलू लागतो तोवर मुदत भरते. आणि ज्याला लहानपणी एकदा सोडून दिले होते, त्याला पुन्हा एकदा सोडून दिल्यासारखे होते.

सत्य व समेट आयोगाने २०१५ साली ९४ मागण्या देशापुढे ठेवल्या. त्यांतील एकविसावी मागणी अशी की, मूळ रहिवाशांच्या उपचार केंद्रांना टिकाऊ अर्थसाहाय्य मिळावे. टिकाऊ या शब्दावर सारा भर आहे. आमचे पूर्वज त्यालाच वर्षासन म्हणत. भूकंप, महापूर, दंगल यांनंतर आपणही झोळी घेऊन फिरतो आणि लोक हात सैल सोडतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण रक्कम जमली की आणखी एक प्रश्न विचारावा: अनाथ झालेले पोर पाच वर्षांनी रात्री दचकून उठेल, तेव्हा त्याच्याजवळ बसणाऱ्याचा खर्च या यादीत कोठे धरला आहे?