फौजदारी वकिलीच्या दोन वाटा

१८९७ च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळकांना जामीन मिळवून दिला तो बॅरिस्टर दिनशा दावर यांनी. आधी न्यायमूर्ती पार्सन्स आणि रानडे यांनी तो नाकारला होता. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दावरांचे म्हणणे ऐकून दिला. अकरा वर्षांनी टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा हेच दावर न्यायासनावर होते. या वेळी जामीन मागायला बॅरिस्टर जीना उभे राहिले. दावरांनी अर्ज फेटाळला. पुढे ज्युरीतल्या नऊपैकी सात जणांनी टिळकांना दोषी धरले आणि २२ जुलै १९०८ च्या रात्री दावरांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली.

महाराष्ट्राने दावरांना याबद्दल कधी माफ केले नाही. पण त्या काळच्या हायकोर्टाच्या बारमध्ये अशी अदलाबदल नेहमीची होती. १९०८ मध्ये सरकारी बाजूला ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन यांच्याबरोबर इन्व्हेरॅरिटी होते. उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा मुंबईत विरळाच होता. आज आरोपीचे कागद, उद्या सरकारचे. ज्याची फी आधी आली त्याचा वकील, असा सरळ हिशेब. आपण ‘सरकारी’ की ‘बचावाचे’, हा प्रश्न बॅरिस्टरला पडतच नसे.

खालच्या कोर्टात मात्र तो सुटलेला होता. मॅजिस्ट्रेटसमोर खटला चालवायचा तो पोलीस प्रॉसिक्युटर, म्हणजे पोलीस खात्याचाच माणूस. ज्या खात्याने तपास केला, तेच खाते खटलाही चालवत होते. तपासातली भोके पाहूनही तो गप्प बसला तर दोष कुणाला द्यायचा? त्याची बढती-बदली ज्या साहेबाच्या हातात, त्याच साहेबाच्या शिपायाने पंचनामा केलेला. समोरच्या बाजूला बहुतेक वेळा कुणीच नसे. वकील लावण्याइतके पैसे गाठीला असलेले आरोपी फार थोडे.

ज्याच्याकडे ते असत, त्याची गोष्ट वेगळी. १९५९ च्या नानावटी खटल्यात नौदल अधिकाऱ्याच्या बचावासाठी कार्ल खंडालावाला उभे राहिले. भारतीय लघुचित्रांचे जाणकार म्हणूनही त्यांचे नाव मोठे होते. सरकारतर्फे सी. एम. त्रिवेदी होते. ज्यांच्या खुनाचा हा खटला होता त्या आहुजांच्या बहिणीच्या वतीने लक्ष ठेवायला फाळणीनंतर कराचीहून आलेले राम जेठमलानी होते. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटले. सेशन्स जज्जांना ते पटेना. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. तिथे राज्याची बाजू मांडली गव्हर्न्मेंट प्लीडर यशवंत चंद्रचूड यांनी, आणि जन्मठेप झाली. पुढे चंद्रचूड भारताचे सरन्यायाधीश झाले आणि जेठमलानी फौजदारी बचावातले सर्वात गाजलेले नाव. दोघांच्या वाटा याच खटल्याभोवती एकमेकींना भेटल्या, पण एकीचे दार सरकारी खुर्चीतून होते आणि दुसरीचे बिनखुर्चीच्या कोपऱ्यातून.

१९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. ज्युरी गेली. मॅजिस्ट्रेट कोर्टात ‘सहायक सरकारी अभियोक्ता’ हे पद आले, आणि पोलीस अधिकाऱ्याने सहसा या जागी बसू नये असे कायद्याने म्हटले. महाराष्ट्र सरकारने यातून साधा मार्ग काढला: आधीच्याच पोलीस प्रॉसिक्युटरांना नव्या पदनामाने नेमले आणि ताबा पोलीस खात्याकडेच ठेवला. पाटी बदलली, साहेब तोच. हे अभियोक्तेच अखेर कोर्टाची पायरी चढले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. बी. शहाणे खटल्यात पोलीस खात्याचा हा ताबा संपवून अभियोक्त्यांसाठी स्वतंत्र विभाग उभारण्याचा आदेश राज्याला दिला. एकवीस वर्षे लागली.

सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या बाबतीत राज्याने दुसऱ्या टोकाला गाठ मारली. मूळ कायद्यात त्यांची यादी जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाशी सल्लामसलत करून करायची होती. १९८१ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात त्या सल्ल्याऐवजी राज्य सरकारची मान्यता आली. म्हणजे पोलिसांपासून सुटका, पण मंत्रालयाशी जवळीक. सरकार बदलले की पॅनेल बदलते, ही कोर्टाच्या आवारातली तक्रार इथूनच पोसली गेली.

बचावाच्या बाजूला पालट आला तो तुरुंगातून. १९७८ च्या होस्कोट खटल्यात महाराष्ट्रातल्या एका कैद्याचे अपील वर्षानुवर्षे रखडले होते, कारण निकालाची प्रत त्याच्या हाती वेळेत पडलीच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाची प्रत विनामूल्य मिळणे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळणे, हे दोन्ही कैद्याचे हक्क ठरवले. या हक्काला आधार देणारा १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये अमलात आला.

हक्क कागदावर असला तरी उभे राहायला माणूस लागतो. २००९ मध्ये मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातला आरोपी कसाब याचे वकीलपत्र घेण्यास मुंबईचे वकील तयार नव्हते. विशेष न्यायालयाने अंजली वाघमारे यांना नेमले. त्या एका साक्षीदाराच्याही वकील असल्याचे उघड झाल्यावर त्यांना काही दिवसांतच दूर केले. मग अब्बास काझमी आले, त्यांनाही न्यायालयाने काढले, आणि के. पी. पवार यांनी खटला शेवटाला नेला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका प्रकरणात, अमुक आरोपीचे काम घेऊ नका असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा ठरवले.

आता कायद्याची पदवी घेऊन मुंबईच्या किल्ला कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलामुलींपुढे दोन्ही वाटा सरकारी पगाराच्या आहेत. सहायक सरकारी अभियोक्ता व्हायचे तर एमपीएससीची परीक्षा, आणि त्याआधी काही वर्षे वकिली. तोवर सीनियरच्या चेंबरमध्ये तारखा घेणे आणि जामीन अर्ज लिहिणे चुकत नाही. बचावासाठी २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ‘लीगल एड डिफेन्स काउन्सेल’ योजना आहे. तिच्यात मुख्य वकिलाला दहा वर्षांचा, उपमुख्यांना सात वर्षांचा अनुभव हवा. सहायकाला शून्य ते तीन वर्षे चालतात. खासगी काम घ्यायचे नाही आणि नेमणूक कंत्राटी.