दंतचक्र आणि वंगण : मोटारीच्या डिफरन्शियलमधील तेलाचा इतिहास

मोटारीच्या मागील आसावरील डिफरन्शियलमध्ये कोणते तेल घालावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारागिराचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर दंतचक्रांच्या घडणीच्या इतिहासात आहे. तेल जितके दाट तितके ते समर्थ, ही समजूत मोटारीच्या आरंभकाळात फारशी चुकीची नव्हती. पुढे मात्र ती घातक ठरली.

वळणावर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. ही अडचण दूर करणारी डिफरन्शियलची योजना ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी मांडली. पेट्रोलच्या मोटारींनी ती स्वीकारली, तेव्हा इंजिनाची गती आसाकडे वळविण्यासाठी शंक्वाकार दंतचक्रे वापरीत. त्यांच्या अक्षरेषा एकमेकींस छेदतात. त्यामुळे दातावर दात प्रामुख्याने लोळतो, घसरण बेताचीच होते. अशा ठिकाणी दाट खनिज तेलाचा पापुद्रा धातूस धातूपासून अलग ठेवण्यास पुरेसा होता.

ही स्थिती हायपॉइड दंतचक्राने पालटली. अमेरिकेत रॉचेस्टर येथील ग्लीसन कारखान्याने विकसित केलेले हे चक्र पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये आपल्या मोटारींत आणले. यात लहान चक्राचा अक्ष मोठ्या चक्राच्या मध्याखाली असतो. त्यामुळे इंजिनाकडून येणारा दांडा खाली बसविता आला आणि गाडीची बैठक ठेंगणी झाली. शिवाय लहान चक्र अधिक भक्कम करता आले. परंतु या लाभाची किंमत वंगणास द्यावी लागली. हायपॉइडचे दात प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने एकमेकांवर घासतात. तेलाचा पापुद्रा त्या जागी फाटतो, धातूचे सूक्ष्म उंचवटे क्षणभर सांधले जातात व लगेच उखडतात. केवळ दाटपणा येथे निरुपयोगी ठरला.

उपाय रसायनशास्त्राने दिला. गंधक, क्लोरीन व शिशाचे साबण, आणि नंतर गंधक व फॉस्फरस यांची संयुगे तेलात मिसळण्यात येऊ लागली. घर्षणाने तापलेल्या जागी ही द्रव्ये पोलादाशी संयोग पावून सहज झिजणारा थर निर्माण करतात. दातांऐवजी तो थर झिजतो. १९६२ च्या अमेरिकन लष्करी मानकाने (एमआयएल-एल-२१०५बी) अशा तेलाची कसोटी अधिक कडक केली. आजचा जीएल-५ हा वर्ग त्याच परंपरेतला होय.

तथापि वरचा वर्ग सर्वत्र श्रेष्ठ, हे अनुमान नवी चूक ठरते. पोलादाचे रक्षण करणारे क्रियाशील गंधक पितळ व कांसे यांना खाऊ शकते. म्हणून पितळी कडी असलेल्या अनेक गिअरपेट्यांसाठी निर्मात्यांनी जीएल-४ हाच वर्ग सांगितला. आकड्यांचेही तसेच. गिअर तेलाचा ९० हा अंक इंजिन तेलाच्या ४० च्या दुपटीहून अधिक दाटपणा दाखवीत नाही. मोजपट्ट्याच भिन्न आहेत, आणि ९० चे तेल दाटपणात इंजिनाच्या ४० ते ५० च्या आसपास असते.

या इतिहासाची एक दुःखद बाजूही आहे. पॅकार्डने १९५६ मध्ये आणलेल्या मर्यादित-घसरणीच्या डिफरन्शियलमध्ये घर्षणतबकड्या असतात. अशा तबकड्या थरथरू नयेत म्हणून तेलात निराळे द्रव्य लागते. गंधकाने संस्कारित केलेले स्पर्म देवमाशाचे तेल अशा कामी व एकूण गिअर तेलांतही उत्तम मानले जाई. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशास संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले व त्याच्या तेलाची आयात बंद झाली. त्यानंतर उद्योगास कृत्रिम व वनस्पतिजन्य पर्याय शोधणे भाग पडले. ते सापडलेही, म्हणजे देवमाशाचे तेल कधीच अपरिहार्य नव्हते, ते केवळ सोयीचे होते.

सारांश, योग्य तेलाची निवड म्हणजे दातांची घडण, आतील धातू, तबकड्यांचे अस्तित्व व हवामान या चार प्रश्नांची उत्तरे होत. निर्मात्याच्या पुस्तिकेतील एका ओळीत ती चारही उत्तरे एकवटलेली असतात. ती ओळ डावलून केवळ दाट वा केवळ ‘वरच्या वर्गाचे’ तेल निवडणारा शंभर वर्षांचा अनुभव नाकारीत असतो.