मेमरी लॉकिंग (लिनक्स)

प्रोग्रॅमच्या मेमरीची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) रॅममधून डिस्कवरील स्वॅपमध्ये जाऊ नयेत म्हणून केलेली तजवीज. रॅम अपुरी पडू लागली की कर्नल बराच वेळ न वापरलेली पाने (बहुधा ४ किलोबाइटची) डिस्कवर हलवते. ती परत आणायला फिरत्या डिस्कवर मिलिसेकंद जातात. रॅमला नॅनोसेकंद पुरतात. जावावर चालणाऱ्या इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीला याचा फटका फार बसतो. गार्बेज कलेक्शनमध्ये, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करताना, हीपचा (जावाच्या डेटासाठीच्या मेमरीचा) मोठा भाग चाळला जातो, मग पडून राहिलेली पानेही डिस्कवरून ओढावी लागतात आणि मिलिसेकंदांचे काम मिनिटांवर जाते.

‘एमलॉकऑल’ या सिस्टिम कॉलने प्रोसेसची सध्याची, आणि सांगितल्यास पुढे मिळणारीही, पाने रॅममध्येच रोखली जातात. सामान्य वापरकर्त्याला किती मेमरी लॉक करता येईल याची ‘मेमलॉक’ मर्यादा आड येते. ती पूर्वी ६४ किलोबाइट असे, कर्नल ५.१६ पासून ८ मेगाबाइट आहे. सर्व्हरवर ती न वाढवताच लॉक मागितला, तर कॉल फसतो. कर्नलची ‘स्वॅपिनेस’ ही सेटिंग (मूळ मूल्य ६०) कमी केल्याने स्वॅपकडचा कल घटतो, हमी मिळत नाही. म्हणून डेटाबेससाठी तेवढ्यावर विसंबू नये. मात्र लॉक केलेली रॅम इतरांना मिळत नाही, आणि अति झाल्यास कर्नल एखादी प्रोसेसच बंद पाडते. ‘फोर्क’ या सिस्टिम कॉलने जन्मलेल्या नव्या प्रोसेसकडे लॉक जात नाही, तिला तो स्वतः मागावा लागतो.