धरणाची भेग आणि त्रिकोणांची जाळी

हडपसरच्या मगरपट्ट्यात अभियांत्रिकी कामे करणाऱ्या कचेऱ्या आहेत. तेथे संगणकाच्या पडद्यावर यंत्राचा एखादा भाग दिसतो आणि त्यावर हजारो त्रिकोण-चौकोनांची जाळी पसरलेली असते. या जाळीला तेथे 'मेश' म्हणतात. त्यातले लांबट, चपटे तुकडे शोधून सुधारण्यात अभियंत्याचा बराच वेळ जातो. तुकडे सुबक असावेत हा आग्रह कशासाठी? याचे उत्तर शोधताना आपल्याला कोयनेच्या धरणापर्यंत जावे लागेल.

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगरचा परिसर भूकंपाने हादरला. सुमारे 180 माणसे दगावली. 103 मीटर उंचीच्या धरणामागे त्या वेळी सुमारे 92 मीटर पाणी होते. धरण उभे राहिले, परंतु त्याला आडव्या भेगा पडल्या. त्या पायाशी नव्हत्या. पायापासून सुमारे 66 मीटर उंचीवर, जेथे बाहेरच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास त्या होत्या.

भेगा तेथेच का पडल्या? धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर धरणाच्या वजनाच्या 5 टक्के धरला होता, आणि तो खालपासून वरपर्यंत सारखाच मानला होता. धरणात बसवलेल्या यंत्राने मात्र गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मे त्वरण नोंदवले. शिवाय जमीन हलली की धरण वेताच्या काठीसारखे डोलते आणि माथा पायथ्यापेक्षा कितीतरी जास्त हलतो. जुन्या हिशेबात हे डोलणे नव्हतेच.

तुकड्यांचे गणित

हे डोलणे हिशेबात घेणारी रीत तेव्हा नवीनच होती. 1943 साली रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने पिळाचा एक प्रश्न सोडवण्यासाठी आकृतीचे त्रिकोण पाडले होते. 1956 मध्ये विमानाच्या पंखांसाठी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी असाच मार्ग धरला. 1960 साली रे क्लफ यांनी त्याला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. आपण त्याला सांत घटक पद्धत म्हणू. वस्तू अवघड आकाराची असली तरी तिचा लहानसा तुकडा सोपा असतो. प्रत्येक तुकड्यात बदल सरळ रेषेत होतो असे मानायचे, कोपऱ्याकोपऱ्यांना तुकडे जोडायचे आणि सगळी समीकरणे एकदम सोडवायची.

बनारस हिंदू विद्यापीठातून पदवी घेऊन अमेरिकेत बर्कले येथे गेलेले अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनी या पद्धतीने कोयना धरणाचा हिशेब केला. तो 1973 साली प्रसिद्ध झाला. भूकंपाची नोंद त्यांनी संगणकातल्या धरणाला दिली. तेव्हा उतार बदलतो त्या पातळीजवळच ताण काँक्रीटच्या ताकदीपलीकडे गेलेला दिसला. भेगेची जागा गणिताने दाखवून दिली.

जाळी फसवते तेव्हा

मग जाळी कशीही टाकली तरी चालेल का? एक त्रिकोण घेऊन पाहू. आलेखाच्या कागदावर अ(-1, 0), ब(1, 0) आणि क(0, 0.1) हे बिंदू घ्या. क पाशी सुमारे 169 अंशांचा कोन होतो. प्रत्येक बिंदूची 'उंची' क्षचा वर्ग इतकी माना, म्हणजे अ आणि ब येथे 1 आणि क येथे 0. त्रिकोणावर सपाट पत्रा ठेवला तर अब च्या मध्यावर त्याची उंची 1 येते. तेथून क फक्त 0.1 अंतरावर आहे आणि तेथे उंची 0. म्हणजे चढ 10! खऱ्या पृष्ठभागाचा त्या दिशेतला चढ मात्र शून्य आहे. क आणखी जवळ, 0.01 वर आणा. त्रिकोण लहान झाला, पण चूक 100 झाली.

आता हाच त्रिकोण मधोमध चिरा. दोन काटकोन त्रिकोण होतील. त्यांचा एक कोन जेमतेम 6 अंशांचा आहे, तरी त्या दिशेतला चढ बरोबर शून्य येतो. म्हणजे अपाय लहान कोनाने होत नाही. तो 180 अंशांकडे झुकणाऱ्या मोठ्या कोनाने होतो. 1968 साली ज्लामाल यांनी लहान कोन टाळण्याची अट सांगितली होती. खरी गरज मोठा कोन टाळण्याची आहे, हे 1976 मध्ये बाबुश्का आणि अझीझ यांनी सिद्ध केले. ताण हा अशा चढावरूनच काढतात, म्हणून वाकडा त्रिकोण ताणाचा आकडाच बिघडवतो.

कोयनेच्या उताराच्या कोपऱ्यावर आणखी एक सापळा आहे. आत वळलेल्या अशा कोपऱ्यावर आदर्श स्थितिस्थापक पदार्थात ताण अनंत येतो. जाळी जितकी बारीक कराल तितका आकडा वाढतच जातो, कोठेही स्थिरावत नाही. त्रिकोण कितीही सुबक असले तरी हे होतेच. दोष जाळीचा नसतो, पदार्थ कधीच तडकत नाही या गृहीताचा असतो. भेग पाडायला किती ऊर्जा लागते, ते हिशेबात घेतल्यावरच उत्तर जाळीच्या बारकाईवर अवलंबून राहत नाही. 1983 साली बाझांत आणि ओ यांनी ही वाट दाखवली. पुढे 1998 मध्ये ली आणि फेन्व्हेस यांनी काँक्रीटच्या तडकण्याचे आपले प्रारूप तपासण्यासाठी कोयनाच निवडले. आजही अशा संगणक-प्रणालींची परीक्षा घ्यायला हे धरण वापरतात.

भूकंपानंतर धरणाला बाहेरून काँक्रीटचे आधार बांधून बळकट केले गेले. खालच्या खोऱ्यातील माणसांचा जीव अशा हिशेबावर अवलंबून असतो. संगणक रंगीत चित्र नेहमीच काढून देतो, जाळी वाईट असली तरीही. म्हणून विद्यार्थ्यांना एक सवय लावावी असे आम्हाला वाटते. जाळी निम्म्याने बारीक करून पुन्हा उत्तर काढायचे. उत्तर फारसे बदलले नाही तर त्याचा विचार करायचा. बदलतच राहिले तर आधी त्रिकोण तपासायचे आणि मग आपली गृहीतके.