जाहिरातीतलं एक वाक्य आणि ओपनएसएसएल

मंडळी, दोन परवाने एकमेकांशी जुळत नाहीत असं आपण सहज म्हणतो. पण नेमकं काय जुळत नाही? दोन्ही मुक्त, दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड समोर उघडा. मग अडतं कुठे? आज ओपनएसएसएलच्या निमित्ताने तेवढंच बघू.

१९९५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी एसएसएल प्रोटोकॉलचा स्वतःचा कोड लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. नाव एसएसएलईएवाय, शेवटची तीन अक्षरं म्हणजे यंग यांची आद्याक्षरं. अमेरिकेत तेव्हा मजबूत एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर बंधनं होती, त्यामुळे अमेरिकेबाहेर लिहिलेल्या अशा कोडची गरज मोठी होती. १९९८ अखेर हे दोघं दुसऱ्या कामाला लागले आणि त्याच कोडवर ओपनएसएसएल उभं राहिलं. परवानाही वारशात आला.

हा परवाना जुन्या बीएसडी धाटणीचा. त्यात एक कलम होतं: या सॉफ्टवेअरचा किंवा त्याच्या गुणांचा उल्लेख जाहिरातीत केलात, तर लेखकांचा श्रेयनिर्देश छापलाच पाहिजे. एका प्रकल्पापुरतं ठीक आहे हो. पण प्रत्येकाने आपापलं नाव घातलं तर? रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९७ च्या नेटबीएसडीत असे ७५ श्रेयनिर्देश मोजले होते. ७५! जाहिरात छापायची की नामावली?

१९९९ च्या जुलैमध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने हे कलम मागे घेतलं. इथे अनेकांचा गोंधळ होतो. विद्यापीठाने मागे घेतलं ते स्वतःच्या मालकीच्या कोडपुरतं. दुसऱ्या कोणी तेच कलम आपल्या परवान्यात उतरवून घेतलं असेल, तर ते जागच्या जागी राहिलं. ओपनएसएसएलचं राहिलं. यंग यांनी तर पुढे जाऊन लिहून ठेवलं होतं की हा कोड उचलून दुसऱ्या परवान्याखाली घालता येणार नाही, आणि त्यात ग्नूच्या परवान्याचं नावही घेतलं होतं.

आता दुसरी बाजू. जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ ची. ती म्हणते, माझ्या अटींच्या वर तुम्ही आणखी एकही अट लादायची नाही. जाहिरातीचं कलम ही नेमकी ती जादा अट. दोन्ही कोड एकत्र करून वाटायचे तर एक परवाना म्हणतो श्रेय छापाच, दुसरा म्हणतो अशी सक्ती करूच नका. जीपीएलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणाऱ्या लायब्ररींना सूट आहे. पण लायब्ररी आणि प्रोग्रॅम दोन्ही एकत्र वाटले तर ती सूट लागू होत नाही, असं डेबियनच्या मंडळींनी वर्षानुवर्षं धरलं. म्हणून डेबियनमधला डब्ल्यूगेट ग्नूटीएलएस या वेगळ्या लायब्ररीवर बांधला जायचा. काही प्रकल्पांनी आपल्या परवान्यातच ओपनएसएसएलशी जोडायला परवानगी देणारं वाक्य घातलं. पण हे वाक्य घालायचा हक्क कोणाला? ज्यांचा ज्यांचा कोड आत आहे, त्या सगळ्यांना. तुम्ही दुसऱ्या जीपीएल प्रकल्पातून शंभर ओळी आणल्या असतील, तर त्या लेखकाच्या वतीने सूट तुम्ही कशी देणार? नव्याने कोड देणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. आपण दिलेल्या ओळींवरचा हक्क, वेगळा करार केला नसेल तर, आपल्याकडेच राहतो.

हेच पुढे ओपनएसएसएललाही भोवलं. २०१४ मध्ये हार्टब्लीडची त्रुटी उघड झाली, प्रकल्पाकडे जगाचं लक्ष गेलं, आणि परवाना बदलून अपाची २.० घ्यायचं ठरलं. पण कोड तर शेकडो जणांचा. मार्च २०१७ मध्ये सुमारे ४०० जणांना ईमेल गेले. त्यात असा आशय होता की उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं आम्ही धरू. ओपनबीएसडीचे थिओ डी राट भडकले. ह्याच न्यायाने मी जीसीसीचा परवाना बदलतो, बघू कोण बोलतं, असा त्यांचा टोमणा होता. माझ्या मते मुद्दा बरोबर होता. दुसऱ्याच्या मालकीच्या गोष्टीबाबत गप्प बसणं म्हणजे संमती, असं कॉपीराइटमध्ये चालत नाही. जुना ईमेल पत्ता बंद पडलेला असतो, माणूस वारलेला असतो. अशा वेळी तो भाग काढून नव्याने लिहिणं हाच निर्धोक मार्ग.

शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० अपाची परवान्याखाली आलं. जाहिरातीचं कलम गेलं. मात्र अपाची २.० मध्ये पेटंटविषयी अटी आहेत, आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते त्या जीपीएलच्या २००७ मधल्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतात, दुसरीशी नाही. ज्या प्रकल्पांनी ‘दुसरी किंवा पुढची कोणतीही आवृत्ती’ असं लिहिलं होतं, ते तिसरीच्या आधाराने सुटले. ज्यांनी ‘फक्त दुसरी’ असं लिहिलं, त्यांना ते सूट देणारं वाक्य अजूनही लागतं.