भोसल्यांच्या अमलातील रायपूर

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला मराठी प्रवासी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके मागे टाकून रायपुरास उतरतो, तेव्हा ज्या छत्तीसगड प्रांतावर नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यापासून, मधला बारा वर्षांचा इंग्रजी बंदोबस्त वगळता, १८५४ पर्यंत अंमल केला, त्या प्रांताच्या या मुख्य नगरात त्या अमलाची साक्ष देणारा एखादा बुरूज, एखादा दरबारी वाडा, निदान एखादी भव्य वेस तरी दिसेल अशी त्याची स्वाभाविक अपेक्षा असते. आणि ती अपेक्षा सफल न झाल्यामुळे तो बहुधा असा निष्कर्ष काढून मोकळा होतो, की येथे आपले म्हणावे असे काही उरलेलेच नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. मराठ्यांचे रायपूर तलावांच्या काठी, मठांच्या आवारात, पेठांच्या नावांत आणि दसऱ्याच्या सायंकाळी हातावर ठेवल्या जाणाऱ्या पानांत शोधावे लागते; आणि ते शोधताना जे आपल्या अभिमानाला पोषक नाही, तेही प्रांजळपणे पाहावे लागते.

मराठ्यांच्या आगमनापूर्वी या नगराला तीन-साडेतीन शतकांचा इतिहास होता. रतनपूरच्या कलचुरी घराण्याची एक शाखा येथे स्थिरावली, आणि शिवनाथ नदीच्या उत्तरेचे अठरा गड रतनपूरकडे व दक्षिणेचे अठरा रायपूरकडे अशी त्या राज्याची वाटणी परंपरेने सांगितली जाते. राजा ब्रह्मदेवाच्या कारकिर्दीतील विक्रम संवत् १४५८चा, म्हणजे इसवी सन १४०२च्या सुमाराचा शिलालेख खारून नदीकाठच्या हाटकेश्वर महादेवाच्या मंदिराशी निगडित असून, हे मंदिर हाजिराज नाईक याने बांधविले असे त्यावरून समजते. याच राजाच्या काळातला खल्लारी येथील दुसरा लेख मला त्याहूनही मोलाचा वाटतो, कारण तेथील नारायणाचे मंदिर बांधविणारा देवपाल हा मोची होता, आणि त्याचे नाव व त्याची जात ही दोन्ही त्या शिलेवर निःसंकोचपणे कोरलेली आहेत. पंधराव्या शतकाच्या आरंभी एका चर्मकाराने विष्णूचे देवालय उभारावे आणि राजाच्या प्रशस्तीबरोबरच त्याच्या कुळाचीही प्रशस्ती संस्कृत श्लोकांत व्हावी, ही घटना हिंदुस्थानच्या सामाजिक इतिहासात सोन्याने मढविण्यासारखी आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींच्या लेखांचा आपला बृहत् संग्रह १९५५ मध्ये सिद्ध करून या सर्व साधनांना एकत्र आणले, ही मराठी विद्वत्तेने छत्तीसगडची केलेली चिरस्थायी सेवा होय.

कलचुरींचा किल्ला मात्र आता पाहावयास मिळत नाही. राजा भुवनेश्वरसिंहाने तो १४६०च्या सुमारास बांधला व त्याच्या बाहेरच्या तटाचा घेर जवळजवळ एक मैल होता, असे जुने गॅझेटियर सांगते. बूढा तलाव आणि महाराजबंध या दोन विस्तीर्ण जलाशयांच्या सान्निध्यात तो उभा होता. तट गेला, पाणी राहिले.

मराठ्यांचा या प्रदेशातील प्रवेश राज्य स्थापण्याच्या हेतूने झाला नाही. १७४१ मध्ये पहिल्या रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जात असता वाटेत रतनपूर लागले. तेथील वृद्ध राजा रघुनाथसिंहाने फारसा प्रतिकार केला नाही, आणि खंडणी वसूल करून फौज पुढे गेली. रायपूरच्या शाखेचा राजा अमरसिंह यास आणखी काही वर्षे अभय मिळाले. १७५० मध्ये त्याचा अधिकार संपुष्टात आणून रायपूर, राजिम व पाटण हे परगणे वार्षिक सात हजार रुपयांच्या टाकोळीवर, म्हणजे ठरावीक खंडणीवर, त्याच्याकडे ठेवण्यात आले, आणि पुढे त्याच्या पुत्राकडून तेही काढून घेण्यात आले. एक प्राचीन राजवंश अशा रीतीने कागदोपत्री विझला. त्याच्या वंशजांना पुढे गावखेड्यांवर निर्वाह करावा लागला, याची खंत आपण मराठ्यांनी तरी बाळगली पाहिजे.

१७५८ मध्ये रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर आले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. या राजपुरुषाविषयी छत्तीसगडात आजही आदराने बोलले जाते, याचे कारण शोधू गेल्यास ते त्याच्या निवासातच सापडते: नागपुरात बसून वसुली मागविणारा तो धनी नव्हता, प्रजेत राहणारा राजा होता. रतनपूरच्या टेकडीवर त्याने रामाचे मंदिर बांधले, आणि रामटेकच्या आठवणीने ती टेकडी रामटेकरी म्हणून ओळखली जाऊ लागली. मराठी भाषा व मोडी लिपी त्याच्याच काळात या प्रांताच्या दप्तरात रुजली. विजयादशमीस एकमेकांस सोनपत्ता, म्हणजे सोने मानलेले पान, देण्याची चालही त्यानेच येथे सुरू केली असे छत्तीसगडचे इतिहासकार लिहितात, आणि ज्या घरात मराठीचा एक शब्दही बोलला जात नाही, त्या घरातही दसऱ्याच्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या हाती ते पान ठेवून नमस्कार केला जातो. शिलालेख झिजतात, ही चाल सुमारे अडीचशे वर्षांत झिजलेली नाही.

रायपुरातील भोसलेकालीन वास्तूंत अग्रस्थान दूधाधारी मठास दिले पाहिजे. केवळ दुग्धाहारावर राहणारे महंत बलभद्रदास यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा वैष्णव मठ मराठ्यांच्या पूर्वीचा आहे. परंतु त्यातील रामचंद्राचे मंदिर बिंबाजीच्या आश्रयाने उभे राहिले. मंदिराच्या बाह्य भिंतींवर रामकथेतील प्रसंग व अवतारांच्या मूर्ती कोरल्या असून, आतील भिंतींवर मराठी वळणाची जुनी रंगचित्रे आहेत. आवारातील काही पाषाण महानदीकाठच्या सिरपूर येथील भग्न देवालयांतून आणले गेले असे सांगतात. त्यांची घडण शेजारच्या चिऱ्यांहून इतकी निराळी आहे, की सातव्या-आठव्या शतकातील महानदीकाठचा शिल्पी आणि अठराव्या शतकातील गवंडी एकाच भिंतीत हातात हात घालून उभे असल्याचा प्रत्यय पाहणाऱ्यास येतो. मठाला गावे व जमिनी होत्या, तेथे अन्नदान चाले, गोशाळा होती, विद्यार्थी राहत. राज्यकर्त्याने दिलेल्या इनामाचा विनियोग लोकांसाठी कसा होत असे, हे समजून घ्यावयाचे तर या मठाइतके चांगले उदाहरण रायपुरात दुसरे नाही.

परंतु या नगराचे खरे वैभव त्याच्या तलावांत होते. दगडाची व चुन्याची इमारत एका घराण्याची असते. तलाव साऱ्या गावाचा असतो, आणि म्हणूनच राजा, महंत, सुभेदार, सावकार, तेली अशा सर्व थरांतील माणसांनी रायपुरात तलाव खोदविले व बांधविले. दक्षिणेकडील महाराजबंध मराठी अमदानीत एका इजारदाराने बांधला. नगराच्या मध्यभागी असलेला कंकाली तलाव सतराव्या शतकाच्या अखेरीस महंत कृपालगिरी यांनी दगडाने बांधून काढला. त्याच्या चारी बाजूंस उतरत गेलेल्या पायऱ्या असून पाण्याच्या मध्यभागी महादेवाचे छोटेखानी मंदिर आहे, परंतु ते बहुतांश पाण्याखालीच राहते. कळसाकडचा भाग तेवढा वर दिसतो, आणि तलाव उपसला गेला म्हणजेच गाभाऱ्यातील पिंडीचे दर्शन होते. नवरात्राच्या अखेरीस जवारे (रुजविलेले धान्याचे अंकुर) शिरविण्यासाठी स्त्रिया डोक्यावर टोपल्या घेऊन या पायऱ्यांवर येतात. जवळच असलेला कंकाली मठ वर्षभर बंद असतो व केवळ दसऱ्याच्या दिवशी उघडतो. त्या दिवशी नागा संन्याशांची जुनी शस्त्रे पूजेसाठी मांडली जातात. पुरानी बस्तीकडील खोखो तलाव हा मराठ्यांच्या सुभेदाराने बांधविला असून, गणेशोत्सवानंतर गणपतीच्या मूर्ती त्यात विसर्जित करण्याची वहिवाट इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनीही मुद्दाम नोंदविली आहे.

आता दुसरी बाजू. बिंबाजीच्या पश्चात त्याचे पुतणे व्यंकोजी भोसले यांच्या नावे हा प्रांत आला, पण ते नागपुरासच राहिले आणि कारभार सुभेदारांच्या हाती गेला. महिपतराव दिनकर हा पहिला सुभेदार. त्यानंतर आलेल्या विठ्ठलराव दिनकराने १७९०च्या सुमारास गडांची जुनी व्यवस्था मोडून परगण्यांची नवी व्यवस्था केली व प्रत्येक परगण्यावर कमाविसदार, फडणवीस व बरारपांडे असे अधिकारी नेमले. दप्तराच्या दृष्टीने ही सुधारणा होती. परंतु सुभा हा मक्त्याचा धंदा झाल्यावर, नागपुरास अधिक रक्कम कबूल करणाराच सुभेदार व्हावा, आणि त्याने ती रयतेकडून दामदुपटीने वसूल करावी, हा क्रम अटळ होता. टाकोळी, सायर, कलाली, पंढरी, सेवाई अशा पट्ट्यांखाली रयत दबून गेली, आणि त्याच सुमारास येथून गेलेल्या युरोपियन प्रवाशांनी प्रांताच्या दैन्याची वर्णने केली. त्यांच्या लिखाणात स्वार्थ असेल. तथापि ओसाड पडलेली गावे हा काही त्यांनी रचलेला प्रवाद नव्हे. ज्या लेखणीने आपण बिंबाजीचे मंदिर वर्णितो, त्याच लेखणीने सुभेदारांचा हा हिशेबही लिहिला पाहिजे.

नागपूरकर भोसले व इंग्रज यांच्यातील सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ मध्ये इंग्रजांनी अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावे कारभार हाती घेतला. कर्नल अ‍ॅग्न्यू या अधीक्षकाने प्रांताचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आणले, म्हणजे आजच्या रायपूरची राजधानी म्हणून प्रतिष्ठा याच स्थलांतरापासून सुरू होते. आणि विशेष हे, की त्याने भोसल्यांच्या पद्धतीतील जाच कमी करूनही तिचा सांगाडा कायम ठेवला. १८३० मध्ये प्रांत रघुजींकडे परत आला, जिल्हेदार नेमले गेले, आणि १८५३च्या डिसेंबरात रघुजी निपुत्रिक वारल्यावर गव्हर्नर-जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. पुढील चार वर्षांतच सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना दुष्काळात सावकाराचे धान्य भुकेल्यांना वाटल्याच्या प्रकरणापासून सुरू झालेल्या संघर्षापायी १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी देण्यात आले. जयस्तंभ चौक त्यांच्या स्मृतीशी जोडला गेला आहे.

इंग्रजी अमदानीतील इमारतींविषयी अधिक विस्तार करण्याचे कारण नाही, कारण त्या सर्वांच्या नजरेसमोर आहेत: नांदगावचे महंत घासीदास यांच्या दानातून १८७५ मध्ये उभी राहिलेली संग्रहालयाची अष्टकोनी इमारत, १८७७चा कैसर-ए-हिंद दरवाजा, जबलपुरात स्थापन होऊन १८९४ मध्ये येथे आलेले राजकुमार कॉलेज, आणि राणीच्या ज्युबिलीच्या काळातील टाउन हॉल. यांपैकी संग्रहालयाचे महत्त्व मी सर्वांत अधिक मानतो, कारण एका देशी संस्थानिकाने आपल्या प्रांतातील मूर्ती व लेख जपण्यासाठी इतक्या लवकर घर बांधून द्यावे, ही दूरदृष्टी त्या काळी दुर्मीळ होती.

राज्य गेले तरी मराठी माणसे गेली नाहीत. तात्यापारा, बूढापारा या वस्त्यांतून वकील, शिक्षक, कारकून, पुराणिक यांची मराठी घरे नांदत राहिली, आणि सत्ता हरपल्यानंतर त्यांनी या प्रांताची जी सेवा केली, ती सुभेदारांच्या कारभारापेक्षा कितीतरी श्रेष्ठ ठरली. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, समर्थांचा दासबोध व लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले, रायपुरात कन्याशाळा काढली, आणि १९२६ मध्ये याच नगरात देह ठेवला. त्या मासिकाचे प्रकाशक वामन बळीराम लाखे हे या प्रांतातील सहकारी चळवळीचे आद्य प्रवर्तक. लाखेनगर त्यांच्या नावाने आहे. १९३५ पासून महाराष्ट्र मंडळ मराठी समाजास एकत्र ठेवीत आले आहे.

या घरांपैकी कित्येकांच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात किंवा जुन्या संदुकीत मोडीतले कागद अद्याप असण्याचा संभव आहे: सनदा, ताकीदपत्रे, गावाचे जमाखर्च, घरगुती पत्रे. मोडी वाचणारी पिढी सरत चालली, वाळवी मात्र आपले काम थांबवीत नाही. तेव्हा रायपूर, रतनपूर, बिलासपूर आणि राजनांदगाव येथील मराठी कुटुंबांस माझी कळकळीची विनंती आहे, की घर पाडण्यापूर्वी किंवा माळा झाडण्यापूर्वी तो दस्त रद्दीत घालू नये. ज्यास वाचता येत नसेल त्याने तो मंडळाकडे, संग्रहालयाकडे अथवा नागपूरच्या अभ्यासकांकडे सुपूर्त करावा, आणि निदान त्याची एक प्रत तरी उतरवून घेऊ द्यावी.