कारध्याचा पूर आणि त्याच्या कारणांची मांडणी

वैनगंगेच्या उजव्या काठावर भंडारा शहर आणि डाव्या काठावर कारधा हे गाव वसलेले असून, नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना हमरस्ता या दोन वस्त्यांच्या मधून नदी ओलांडतो. मध्य प्रांताच्या काळात तो ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून ओळखला जाई, पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून त्याची ओळख रूढ झाली आणि नव्या क्रमवारीत तो ५३ ठरला. नावे व क्रमांक बदलले तरी नदी ओलांडण्याची जागा फारशी हलली नाही, आणि कारध्याचे महत्त्व मुख्यतः या जागेने घडवले आहे. पवनीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. ब्रिटिश राजवटीतील जुना पूल, ज्याला आजूबाजूची माणसे लहान पूल म्हणतात, तो उंचीने कमी असल्यामुळे मोठ्या पुरात पाण्याखाली जातो, तर महामार्गाची वाहतूक नंतर बांधलेल्या उंच पुलावरून चालते. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाकडून पुराच्या ज्या सूचना निघतात त्यांत वैनगंगेची ‘कारधा येथील पातळी’ हमखास असते, त्यामुळे गाव न पाहिलेल्यांच्याही ओळखीचे त्याचे नाव झाले आहे.

एखादी घटना का घडली आणि तिच्यातून पुढे काय निष्पन्न झाले हे क्रमाने व पुराव्यानिशी मांडणारे लेखन म्हणजे कार्यकारण निबंध. अशा निबंधाची रचना नियम म्हणून सांगण्यापेक्षा एका ठिकाणच्या इतिहासावर पारखून पाहिली तर तिच्यातील अडचणी अधिक स्पष्ट होतात, आणि त्या दृष्टीने कारध्याच्या पुरांइतके उपयुक्त उदाहरण विदर्भात क्वचितच सापडेल. १९९४, २००५ आणि २०२० या तीन वर्षी भंडारा परिसराने वैनगंगेचे मोठे पूर अनुभवले. नदी तीच, काठही तेच. मात्र कारण कोणते याचे उत्तर दर वेळी वेगळे दिले गेले, आणि ही उत्तरे एकमेकांशेजारी ठेवली की त्यांपैकी किती खरोखर कारणे होती आणि किती केवळ त्या वेळी हाताशी असलेली स्पष्टीकरणे होती, हे तपासता येते.

ही तपासणी कशी करावी याची परिभाषा भारतीय तर्कशास्त्रात पूर्वीपासून तयार आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने रचलेल्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या प्रवेशग्रंथात कारणाची जी कल्पना आहे तिचा आशय असा की, जे कार्याच्या आधी नियमाने असते आणि जे अन्यथासिद्ध नसते ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही त्या कार्याच्या सिद्धीला अनावश्यक असलेली गोष्ट. घडा होण्याआधी कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, तरी गाढव हे घड्याचे कारण मानले जात नाही, कारण माती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आली असती तरी घडा झालाच असता. याच शास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक या दोन कसोट्या सांगितल्या आहेत. कारण असते तेथे कार्य असते हा अन्वय आणि कारण नसते तेथे कार्यही नसते हा व्यतिरेक. शालेय निबंधांत आणि वृत्तपत्रीय स्फुटांत पहिली कसोटी बहुधा लावली जाते, दुसरी मात्र सोडून दिली जाते, आणि पुराविषयीचे बहुतेक गैरसमज या सोडून दिलेल्या कसोटीतूनच जन्माला आलेले दिसतात.

२०२० च्या पुराचा घटनाक्रम प्रथम पाहावा. ऑगस्टच्या अखेरच्या दिवसांत मध्य प्रदेशातील शिवनी, छिंदवाडा व बालाघाट या जिल्ह्यांत जोरदार पाऊस झाला. वैनगंगेचा उगम शिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे होतो, त्याच जिल्ह्यात तिच्यावर भीमगड येथे संजय सरोवर हे धरण आहे, आणि महाराष्ट्राच्या सीमेवर तिला बाघ व बावनथडी या नद्या मिळतात. वरची धरणे भरली, दरवाजे उघडावे लागले, आणि धरणातून सोडलेले पाणी, ज्याला पाटबंधारे खात्याच्या भाषेत विसर्ग म्हणतात, ते मधल्या मोकळ्या खोऱ्यातील पावसाच्या पाण्यात मिसळून भंडाऱ्याकडे आले. त्याच सुमारास पेंच नदीवरील तोतलाडोह धरणाचेही दरवाजे उघडले गेले. पेंच कन्हानला मिळते आणि कन्हान भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला वैनगंगेला मिळते. येथे एक बारीक पण निर्णायक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कन्हानचे पाणी कारध्यावरून वाहतच नाही, तरीही संगमाशी कन्हान तुडुंब असली की वरून येणाऱ्या वैनगंगेचा निचरा मंदावतो आणि तिची पातळी संगमाच्या वरच्या भागातही चढते. त्याखाली गोसीखुर्द धरण आहे, त्याचे सर्व ३३ दरवाजे उघडण्यात आले होते. ऑगस्टचे शेवटचे दोन दिवस आणि सप्टेंबरचा आरंभ या काळात भंडारा शहराचे सखल भाग आणि काठावरची गावे पाण्यात होती.

या घटनेचे एका वाक्यातले कारण म्हणून ‘मध्य प्रदेशाने पाणी सोडले’ हे विधान त्या वेळी सर्वतोमुखी होते. ते खोटे नाही, पण निबंधाला पुरेसे नाही, कारण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. विसर्ग हे निमित्त होते. निमित्त हा शब्द येथे न्यायशास्त्रातील काटेकोर अर्थाने घेतलेला नाही, तर घटना ज्या क्षणी घडली त्या क्षणाला जबाबदार असलेली गोष्ट, या रूढ मराठी अर्थाने घेतला आहे. त्या विसर्गाचे रूपांतर घरात शिरलेल्या पाण्यात का झाले, याचे उत्तर मात्र काठाची उंची, पूररेषेच्या आत वाढलेली वस्ती, संगमाशी तुंबलेले पाणी आणि इशारा मिळण्यास लागलेला वेळ या इतर परिस्थितीत शोधावे लागते. तेवढेच पाणी निर्मनुष्य काठावरून गेले असते तर तो जलविज्ञानाच्या नोंदवहीतील एक आकडा ठरला असता, आपत्ती ठरली नसती.

दुसरे लोकप्रिय स्पष्टीकरण गोसीखुर्दचे आहे, आणि व्यतिरेकाची कसोटी सर्वांत जास्त उपयोगी पडते ती येथे. पवनीजवळच्या या प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, परंतु काम इतके रेंगाळले की १९९४ साली तेथे जलाशय म्हणावा असा साठाच नव्हता, आणि २००५ सालीही नव्हता. पूर मात्र दोन्ही वर्षी आले. धरण नसताना पूर येतो, म्हणून पुराचे अवश्य कारण धरण असू शकत नाही, एवढा निष्कर्ष निर्विवाद आहे. धरणाचे समर्थक सहसा येथेच थांबतात, आणि ती घाई आहे. जलाशयाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे तो पूर्ण भरल्यावर पाण्याने गाठायची ठरवलेली उंची, समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर आहे आणि या पातळीला त्याचा फुगवटा, म्हणजे धरणाने अडलेल्या पाण्याचा वरच्या दिशेने पसरणारा भाग, भंडारा–कारध्यापर्यंत पोहोचतो. जेथे पूर्वी नदी उताराने वाहत होती तेथे पाणी संथ झाले की गाळ बसतो, निचरा लांबतो आणि पूर ओसरण्यास अधिक काळ लागण्याची शक्यता निर्माण होते. शिवाय दरवाजे केव्हा व किती उघडले यावर पातळीचा चढउतार ठरू लागतो. तेव्हा ‘पूर का आला’ आणि ‘पूर इतका वेळ का राहिला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्यात निर्दोष ठरलेले धरण दुसऱ्यातूनही आपोआप सुटते असे नाही. एका कार्याची कारणे शोधण्यापूर्वी कार्य नेमके कोणते हे ठरवणे, ही कार्यकारण निबंधाची पहिली पायरी असावी ती यासाठीच. पाठ्यपुस्तके मात्र ती बहुधा सांगत नाहीत.

मराठी गद्यात कारणमीमांसेची परंपरा मोठी आहे आणि तिच्यात दोन घाट ठळक दिसतात. पहिला घाट साखळीचा. जोतीराव फुले यांच्या १८८३ च्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथाच्या आरंभीच्या सुप्रसिद्ध पद्यात एका हानीतून दुसरी हानी उद्भवत जाते आणि शेवटी साऱ्या अनर्थांचे मूळ विद्येच्या अभावाशी नेऊन भिडवले जाते. कार्यकारणाची इतकी आटोपशीर मांडणी मराठीत दुसरी नाही. दुसरा घाट ठपक्याचा. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत पानिपतच्या पराभवाची मीमांसा करताना पेशव्यांचे उत्तरेतील कारभारी गोविंदपंत बुंदेले यांच्यासारख्या व्यक्तींच्या वर्तनावर मोठा भार टाकला, तर त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतवरील आपल्या ग्रंथात, जो इंग्रजीत १९४६ साली व मराठीत १९६१ साली आला, तोच प्रश्न उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणाच्या अधिक विस्तृत पटावर ठेवला. ठपका ठेवणे हे इतिहासकाराला निषिद्ध नाही, परंतु दोषी व्यक्ती सापडली की कारण सापडले असा समज होतो, आणि पुढचा शोध तेथेच खुंटतो. पुराच्या चर्चेत दरवाजा उघडणारा अभियंता हा बुंदेल्यांच्या जागी उभा केला जातो, एवढाच फरक. साखळीचा घाट अधिक भारदस्त आहे, पण तोही कारध्याला अपुरा पडतो, कारण साखळीत प्रत्येक कडीला एकच पूर्वीची कडी असते, तर येथे अनेक कारणे एकाच वेळी, वेगवेगळ्या वाटांनी येऊन मिळतात आणि त्यांपैकी प्रत्येकाची वेळ परिमाणाइतकीच महत्त्वाची असते. भीमगडचे पाणी आणि कन्हानचा फुगवटा काही दिवसांच्या अंतराने आले असते, तर दोन मध्यम पूर झाले असते.

हीच पद्धत पुराखेरीज अन्य प्रश्नालाही लावता येते. हमरस्त्यावर, नदीकाठी आणि जिल्ह्याचे ठाणे असूनही भंडारा–कारधा ही जोडी मोठी व्यापारपेठ का झाली नाही, याचे नेहमीचे उत्तर असे की रेल्वे दूर गेली. नागपूर ते राजनांदगाव ही छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज वाट १८८० च्या दशकाच्या आरंभी तयार झाली, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने ती घेऊन ब्रॉडगेज केली, आणि भंडाऱ्याचे स्थानक शहरापासून दहाएक किलोमीटरवर वरठी येथे, भंडारा रोड या नावाने, राहिले. भंडाऱ्यापुरता अन्वय जुळतो. पण अन्यत्र पाहावे तर तुमसरचे मुख्य स्थानकही गावाबाहेर देव्हाडीला आहे, तरी तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ झाली. मात्र तेथे तिरोडीकडे जाणारा फाटा गावातून गेला आणि त्या फाट्यावर चिखला व डोंगरी बुजुर्ग परिसरातील मँगनीज उतरू लागले. गोंदिया जबलपूरच्या नॅरोगेज मार्गाचे जंक्शन झाल्यावर वाढले, आणि १९९९ मध्ये स्वतंत्र जिल्हाही झाले. म्हणजे स्थानकाचे अंतर हे एकटे कारण ठरत नाही, फाटा आणि माल या दोन गोष्टींचा अभाव त्याच्या जोडीला असला तरच परिणाम घडतो. अंतर हे अन्यथासिद्ध आहे असे म्हणणे धाडसाचे होईल, पण त्याला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे ते पेलत नाही. हमरस्त्याने मात्र कारध्याला आपल्या परीने वाढवले: पोलीस ठाणे, थांबणारी वाहने आणि पवनी–लाखनी या दोन दिशांना विभागणारी वर्दळ या गोष्टी ओलांडणीभोवतीच जमल्या.

शेवटचा प्रश्न पुराचा नसून पिण्याच्या पाण्याचा आहे, आणि त्यात कार्यकारणाची दिशाच उलटी भासते. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नागनदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि हा संगम भंडाऱ्याच्या खाली असल्यामुळे, नदी मोकळी वाहत होती तोवर नागपूरच्या मळाचा भंडाऱ्याशी संबंध नव्हता. गोसीखुर्दचा जलाशय भरू लागल्यानंतर संगम आणि शहर हे दोन्ही एकाच संथ पाण्याच्या काठी आले, आणि नदीतून पाणी उचलणाऱ्या भंडारा नगरपालिकेच्या पुरवठ्याबद्दल तसेच ढिवर समाजाच्या मासेमारीबद्दल तक्रारी सुरू झाल्या. जलपर्णीचे तांडे त्याच काळात नजरेत भरू लागले. येथे नागनदी हे एकटे कारण मानता येत नाही, कारण ती धरणाच्या आधीपासून मळ वाहत होती. धरणही एकटे कारण मानता येत नाही, कारण स्वच्छ पाणी अडवले असते तर ते केवळ साठले असते. दोन्ही एकत्र आल्यावर कार्य घडते, आणि त्यात गुंतलेल्या गोष्टी वेगवेगळ्या यंत्रणांच्या अखत्यारीत आहेत: सांडपाण्याची प्रक्रिया नागपूर महानगरपालिकेकडे, जलाशयाची पातळी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे, नळाचे पाणी नगरपालिकेकडे. कारध्याच्या पुलाखाली या तिघांचेही पाणी एकच असते, त्यामुळे त्याविषयी लिहिणाऱ्याला नागपूरच्या प्रक्रिया केंद्राची क्षमता, गोसीखुर्दची दर महिन्याची पातळी आणि भंडाऱ्याच्या उचल केंद्रातील पाण्याच्या चाचण्या या तीन नोंदी एकाच कालरेषेवर मांडून पाहाव्या लागतात.